जुनी वाट: नकाशावरची रेघ की वहिवाट?

इ.स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक पोपच्या हातून आपल्या पदाचं मानचिन्ह स्वीकारून रोमहून परत निघाला. या परतीच्या प्रवासातल्या मुक्कामांची यादी सुदैवानं टिकली आहे. रोमपासून इंग्लिश खाडीच्या अलीकडच्या किनाऱ्यापर्यंतची ७९ ठिकाणं तीत आहेत, आणि ती नुसती नावं आहेत. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी कसं जायचं, डोंगर कुठल्या अंगानं चढायचा, नदी कुठे ओलांडायची, याबद्दल एक अक्षर नाही. या यादीच्या आधारानं आखलेल्या मार्गाला आज ‘व्हिया फ्रांचिजेना’ म्हणतात. १९९४ मध्ये युरोपीय परिषदेनं त्याला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. नकाशावर तो आता एका सलग रेघेसारखा दिसतो, पण ती रेघ आपण काढलेली आहे. सिगेरिकच्या माणसांना ती काढावीशी वाटली नव्हती.

जुन्या रस्त्यांबद्दलचा वाद मला नेहमी याच रेघेत अडकलेला दिसतो. प्राचीन व्यापारी मार्गाला संरक्षण द्यायचं असो, मध्ययुगीन यात्रामार्गावर नव्यानं खुणा लावायच्या असोत किंवा नव्या महामार्गाच्या पोटात जुनी वाट जाणार असो, दोन बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, हीच ती वाट, शतकानुशतकं पावलं इथेच पडली, इथला दगडही हलवू नका. दुसरी म्हणते, पुरावा दाखवा. यातला बराच रस्ता कालपरवा आखलेला आहे, मूळ वाट कधीच पुसली गेली, मग जपायचं काय? दोघांचं भांडण कडाक्याचं असतं, पण गृहीतक एकच असतं: जुनी वाट म्हणजे जमिनीवरची एक निश्चित रेघ, ती सापडली की सगळं सापडलं, नाही सापडली तर काहीच उरलं नाही. मला हे गृहीतकच मान्य नाही. आपल्याकडे ‘वहिवाट’ असा फार नेमका शब्द आहे. वापरून वापरून रुळलेली वाट ती वहिवाट, आणि त्या वापरातून उभा राहिलेला हक्क तीही वहिवाटच. प्राचीन मार्ग असो की यात्रेचा मार्ग, तो मुळात या अर्थानं वहिवाट असतो. दगड, खडी, चाकोऱ्या हे तिचे पुरावे आहेत, आणि पुराव्यालाच मूळ वस्तू समजल्यामुळे आपण चुकीच्या गोष्टी जपतो आणि जपण्यासारख्या गोष्टी हातच्या घालवतो.

ही कल्पना माझी नाही, ती रस्त्यांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. रोमन लोकांची ख्याती सरळ आणि पक्क्या रस्त्यांसाठी. पण त्यांच्या सर्वांत जुन्या लिखित कायद्यात, इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांत, रस्त्याबद्दल काय म्हटलं आहे? रुंदी सरळ भागात ८ फूट, वळणावर १६ फूट. आणि पुढे असं की ज्यांच्यावर रस्ता राखण्याची जबाबदारी आहे त्यांनी तो राखला नाही, तर वाटसरूनं आपलं जनावर हवं तिथून हाकावं. म्हणजे रस्ता चिखलात गेला तरी जाण्याचा हक्क चिखलात रुतत नाही, तो शेजारच्या रानात सरकतो. इंग्लंडच्या रूढ कायद्यानंही राजमार्गाकडे असंच पाहिलं. राजमार्ग म्हणजे जाण्यायेण्याचा अबाधित हक्क. मार्ग चालण्याजोगा उरला नसेल तर बाजूच्या जमिनीतून, वेळ पडली तर उभ्या पिकातूनसुद्धा, पुढे जाता येई. म्हणूनच तिथल्या डोंगरउतारांवर आजही एकाच मार्गाच्या अनेक घळी शेजारी शेजारी दिसतात. एक घळ खोल झाली, पावसाळ्यात तिचा ओढा झाला की गाड्या दुसरीकडून चढायच्या. तीही खचली की तिसरीकडून. यातली मूळ कुठली, असं त्या काळच्या गाडीवानाला विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. ज्या साली जी कोरडी, ती त्या सालची वाट.

पुरातत्त्वानं या बाबतीत दिलेला सर्वांत सुंदर धडा मला उत्तर मेसोपोटेमियातला वाटतो. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेरगिरी उपग्रहांनी काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत सीरियाच्या ईशान्येकडच्या सपाट प्रदेशात, टेल ब्राकसारख्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांभोवती, गडद पट्टे दिसले. चाकाच्या आऱ्यांसारखे ते टेकाडातून चारी दिशांना निघतात. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या माणसांच्या आणि गुराढोरांच्या पायांनी खचलेल्या त्या पाणंदी. अशा हजारो किलोमीटर वाटांची नोंद झाली आहे. विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे: यातल्या बऱ्याचशा पाणंदी तीन-पाच किलोमीटर जाऊन हवेत विरल्यासारख्या संपतात. रस्ता कुठेच न जाता कसा संपेल? अभ्यासकांनी दिलेलं उत्तर साधं आहे. गावाभोवती शेतं होती. शेतात गुरं शिरू नयेत म्हणून ती दोन बांधांमधूनच हाकावी लागत, त्यामुळे तेवढीच जमीन तुडवली जाऊन खचली. शेतांची हद्द संपून माळरान लागलं की कळप पांगत, आणि पांगलेल्या पावलांची खूण राहत नाही. म्हणजे आज उपग्रहातून दिसतो तो वाटेचा कोंडलेला भाग. मोकळा भाग दिसत नाही. पण जनावरं तिथूनही चालली, माणसंही चालली. जिथे रेघ आहे तिथेच रस्ता होता असं धरलं, तर या मुलखातला प्रत्येक रस्ता गावाच्या शिवेवर संपत होता असं मानावं लागेल.

मग जिथे रेघ दिसत नाही तिथला रस्ता आपल्याला कशावरून कळतो? सोयींवरून. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसपासून इराणमधल्या सुसापर्यंतच्या पर्शियन राजमार्गाचं वर्णन केलं आहे: ४५० परसंग (अंतराचं पर्शियन माप), १११ ठाणी, ९० दिवसांची चाल. या मार्गाचा नेमका आखीव माग आजही वादाचा विषय आहे. पण पर्सेपोलिस या पर्शियन राजधानीत १९३० च्या दशकात मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. सम्राट दारयवहूच्या (डरायसच्या) काळातल्या या पाट्यांमध्ये शाही परवाना घेऊन निघालेल्या प्रवाशांना वाटेतल्या ठाण्यांवर किती पीठ, किती मद्य दिलं याचे हिशेब आहेत. त्यांत सार्डिसचे प्रवासी आहेत, सिंधूच्या खोऱ्यातून निघालेलेही आहेत. फरशीचा एकही तुकडा हाती न लागता एका साम्राज्याचं दळणवळण डोळ्यांसमोर उभं राहतं ते शिध्याच्या नोंदींमुळे. अशोकाचा सातवा स्तंभलेख घ्या. सम्राट अभिमानानं सांगतो की मी वाटांवर वड लावले, आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. रस्ते बांधले असं तो त्यात म्हणतच नाही! ज्या राजाचं राज्य अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत पसरलं होतं त्याला सांगण्यासारखी गोष्ट वाटली ती सावली आणि पाणी. इ.स. ३३३ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोहून जेरुसलेमला गेलेल्या अनाम यात्रेकरूनं लिहून ठेवलेलं प्रवासपत्रकही बरंचसं घोडे कुठे बदलायचे आणि रात्री कुठे थांबायचं यांचीच जंत्री आहे.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरोखर जड आहे ते मान्य केलं पाहिजे. पहिला आक्षेप असा की रस्ता म्हणजे वहिवाट असं म्हणून टाकलं की कुणीही कुठलीही वाट प्राचीन ठरवू शकेल. हा धोका काल्पनिक नाही. दक्षिण इंग्लंडात विंचेस्टरहून कँटरबरीला जाणारा ‘यात्रेकरूंचा मार्ग’ प्रसिद्ध आहे. तिथला आर्चबिशप थॉमस बेकेट याचा ११७० मध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये खून झाला, तीन वर्षांत त्याला संतपद मिळालं आणि यात्रा सुरू झाली, हे सगळं इतिहासात पक्कं आहे. पण टेकड्यांच्या कुशीतून जाणारी ती ठरावीक वाट यात्रेकरूंची होती, याला मध्ययुगीन कागदपत्रांचा आधार फार तोकडा आहे. एकोणिसाव्या शतकात हौशी अभ्यासकांनी ती कल्पना मांडली, सरकारी नकाशांवर ते नाव छापलं गेलं, आणि छापलेल्या नावाला लोकांनी पुरावा मानलं. चिकित्सा करणारे लोक चिडतात ते उगाच नाही. मी तर म्हणेन, त्यांनी आणखी चिडावं. पण ही फसगत झाली कशामुळे? यात्रा होती म्हणजे तिला एकच आखीव रेघ असलीच पाहिजे, या हट्टापायी. लंडनहून येणारे, समुद्रावरून येणारे, गावोगावच्या चर्चमध्ये थांबत आडवाटेनं येणारे असे यात्रेकरू कँटरबरीला सगळीकडून येत होते. ही अनेक वाटांची यात्रा नकाशात मावेना, म्हणून एक वाट निवडून तिच्यावर सगळ्यांचं ओझं टाकलं गेलं. खोट्या वाटेचा जन्म रेघेच्या आग्रहातून झाला आहे. त्याचा दोष वहिवाटीच्या विचारावर कसा टाकता येईल?

याच आक्षेपाला जोडून असंही म्हटलं जातं की शेवटी मातीतला, लाकडातला, दगडातला प्रत्यक्ष अवशेषच खरं सांगतो. यात तथ्य आहे, आणि याचं ‘स्वीट ट्रॅक’इतकं बोलकं उदाहरण नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या दलदलीत १९७० मध्ये पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) खणताना लाकडी फळ्यांची एक चालवाट सापडली. लाकडातल्या वर्षवलयांवरून तिच्यासाठीची झाडं इ.स.पू. ३८०७ किंवा ३८०६ मध्ये तोडली होती इतकं नेमकं सांगता आलं. जवळजवळ सहा हजार वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यावर बोट ठेवता येणं ही थरारून टाकणारी गोष्ट आहे. पण हीच वाट दुसरंही सांगते. ती बांधल्यावर दहा-बारा वर्षांतच वाढत्या पाण्याखाली गेली. तिच्याजवळ, बराचसा माग धरून, तिच्याहून तीसेक वर्षं जुनी आणखी एक लाकडी वाट होती. म्हणजे एका पिढीत त्याच दलदलीवरून त्याच माणसांनी दोनदा वाट टाकली. जाण्याची गरज टिकली, फळ्या टिकल्या नाहीत. आणि आज ती लाकडं जपायची तर काचेच्या पेटीनं भागत नाही. जमिनीत ती जिथे आहेत तिथे पीट ओलं राहावं म्हणून पाणी सोडत राहावं लागतं. सहा हजार वर्षांनंतरही ती वाट कुणीतरी राखावीच लागते आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कायद्याला रेघ लागते. सर्वे नंबर, रुंदी, हद्द यांशिवाय कुठलंही संरक्षण कागदावरच राहतं. वाट सरकते, वाट पांगते असं म्हणत बसलात तर बांधकाम करणारा म्हणेल, मग माझ्या इमारतीला वळसा घालून सरकू द्या. हे भय खरं आहे. पण याचं उत्तर एका देशानं कायद्यातच लिहून ठेवलं आहे. स्पेनमध्ये मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतराच्या वाटा आहेत. मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला राजा दहाव्या आल्फोन्सोनं १२७३ मध्ये सनद दिली, तेव्हापासून या वाटांना राजाश्रय होता. त्यातल्या मोठ्या वाटांची रुंदी सुमारे ७५ मीटर. १९९५ च्या कायद्यानं या वाटा सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या: त्या विकता येत नाहीत आणि कितीही वर्षांच्या अतिक्रमणानं कुणाच्या होत नाहीत. सार्वजनिक कारणासाठी वाटेचा माग बदलता येतो, पण बदललेल्या मागावर तेवढीच जागा मिळाली पाहिजे आणि वाट सलग राहिली पाहिजे, तिच्यावरून कळप नेता आले पाहिजेत. म्हणजे रेघ हलली तर चालेल, वहिवाट तुटता कामा नये. कायद्याला हे नेमकेपणानं मांडता येतं. माद्रिदच्या मधोमध दर शरद ऋतूत मेंढ्यांचे कळप मिरवत नेतात, ते पाहायला पर्यटक जमतात हे खरं. मेंढपाळ नेतात ते मात्र हा हक्क चालू आहे हे दाखवण्यासाठी.

तिसरी हरकत तर्काची नाही, मनाची आहे. ज्या दगडावर हजार वर्षांपूर्वी कुणी पाय ठेवला त्याच दगडावर आपला पाय पडावा, ही ओढ कुणी खोटी ठरवू नये. मला ती स्वतःला जाणवते. रोमबाहेर आप्पियन मार्गाच्या काळ्या शिळांवरून चालताना ती कुणालाही जाणवेल. पण त्या शिळांकडे नीट पाहावं. हा मार्ग इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियसनं सुरू केला. इ.स. १०९ मध्ये सम्राट ट्राजाननं बेनेव्हेंतोपासून ब्रिंदिसीपर्यंत दुसरा, सोयीचा फाटा काढला, आणि वाहतूक त्या फाट्यावर वळली. २०२४ मध्ये युनेस्कोनं या मार्गाला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा ट्राजानचा फाटाही त्यात धरला, आणि ते अगदी योग्य झालं. स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या यात्रेचं तर याहून पुढचं आहे. स्पेनच्या उत्तर भागात जुन्या यात्रामार्गाचा बराच भाग आज मोटाररस्त्याखाली आहे, आणि चालणारे त्याच्या शेजारून नव्यानं केलेल्या कच्च्या वाटेनं जातात. त्यांना दिशा दाखवणारे पिवळे बाण १९८० च्या दशकात सेब्रेइरोचा पाद्री एलियास व्हालिन्या यानं रंगवायला घेतले. मूळ रेघ हवी म्हणणाऱ्यानं भरधाव ट्रकांमधून चालावं का? वर्षाला चार लाखांवर माणसं तिथे पोचतात. ती खोट्या वाटेनं चालली असं कुणाला खरंच म्हणायचं आहे?

या यात्रेची बाराव्या शतकातली एक मार्गदर्शिका उपलब्ध आहे. फ्रान्समधून येणारे चार मार्ग पुएंते ला रेइनापाशी एकत्र होतात, कुठल्या नदीचं पाणी प्यावं आणि कुठल्या नदीचं पिऊन घोडा मरेल, कुठले नावाडी लुबाडतात, असं सगळं तीत आहे. आणि एक छोटं प्रकरण केवळ वाट दुरुस्त करणाऱ्यांच्या नावांसाठी आहे. राबानालपासून पोर्तोमारीनपर्यंतची वाट ज्यांनी सुधारली ते, आणि राणी उराकानं पाडलेला मिन्यो नदीवरचा पूल ज्यानं पुन्हा उभारला तो पेद्रो. या माणसांच्या आत्म्याला शांती मिळो, अशी प्रार्थनाही तिथेच आहे. त्याच मार्गावर एक गाव संत दोमिंगोच्या नावानं ओळखलं जातं. या माणसाचं पुण्य कशात होतं? त्यानं रस्ता केला, पूल बांधला, यात्रेकरूंसाठी निवारा उभारला. ११०९ मध्ये तो गेला आणि त्याची कबरच यात्रेचा एक थांबा झाली. मध्ययुगीन माणसानं डागडुजीला धर्मकार्य मानलं, पुलासाठी दान देणाऱ्याला बिशप पापक्षालनाची पत्रं देत. पेरूमध्ये आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे. आसपासच्या गावांतले लोक दरवर्षी एकत्र येऊन तो नव्यानं विणतात. त्यातली एकही काडी इंका काळातली नाही, तरी इंका रस्त्यांबद्दल तो जे सांगतो ते कुठल्याही उत्खनित पायरीला सांगता येणार नाही.

रेघेच्या आग्रहाचा आणखी एक परिणाम होतो: रेघेला मालक लागतो. रस्ता कुणी बांधला, या प्रश्नाला एकाच नावाचं उत्तर हवं असतं. उत्तर भारतातला मोठा रस्ता शेरशाहचा, असं आपण शाळेत शिकतो. शेरशाहनं सराया बांधल्या, झाडं लावली, रस्ता नांदता केला, हे त्याचं मोठेपण आहेच. पण पाणिनीला ‘उत्तरापथ’ माहीत होता, आणि तो शेरशाहच्या निदान १८०० वर्षं आधीचा. इंग्लंडात तर सरळ, खडीचा जुना रस्ता दिसला की तो रोमन असणार, अशी समजूत होती. श्रूजबरीजवळ शार्पस्टोन टेकडीवर असाच एक रस्ता होता. २००९ मध्ये तो उकरला गेला आणि थरांचं कालमापन झालं, तेव्हा तो रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरण्याआधीचा निघाला. पुन्हा पुन्हा बांधलेला, तळाशी डहाळ्या, वर माती, वर गोटे. रोमन लोकांनी पुढे तो वापरला, इतकंच.

आपल्याकडे नाणेघाटात गेलं की माणसं आधी तिथला दगडी रांजण पाहतात आणि तो जकातीचा असं ऐकून परततात. लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख इ.स.पू. पहिल्या शतकातला, त्यातली यज्ञांच्या दक्षिणेची यादी, संख्यांची चिन्हं, हे सगळं मोलाचं आहेच. पण तो लेख तिथेच का? सह्याद्रीचा कडा ओलांडायला निसर्गानं मोजक्याच खिंडी दिल्या आहेत. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे येणारी वाट खाली कोकणात हवी तशी पांगेल, वर मावळात पांगेल, खिंडीत मात्र तिला एकत्र यावंच लागतं. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी स्वतः पायी हिंडून कार्ले-भाजे-बेडसे यांसारखी लेणी, डोंगरातली देवस्थानं आणि सूक्ष्मास्त्रांच्या (अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारांच्या) जागा यांचा मेळ वाटांशी घातला. त्यांचे सगळे निष्कर्ष पटोत न पटोत, रीत मला बरोबर वाटते: आधी खिंड, उतार, पाणी आणि निवारा पाहा, मग त्यांच्यामधून माणसं कशी गेली असतील याचा विचार करा.

म्हणून जुन्या वाटांची नोंद करायची तर ती या जागांपासून सुरू व्हावी. नदीचे उतार, जुने पूल, खिंडी, विहिरी, धर्मशाळांची जोती, मुक्कामाची गावं यांना पक्कं, हलवता न येणारं संरक्षण. त्यांच्या मधल्या मुलखात चालण्याचा सलग हक्क, माग बदलला तरी न तुटणारा. आणि वाट राखणाऱ्या गावांना त्या कामाचा मोबदला. नवा रस्ता जुन्या वाटेला छेदणार असेल तिथे यंत्र लावण्याआधी एक आडवा चर खणावा, थर नोंदवावेत, मातीचे नमुने घ्यावेत. शार्पस्टोन टेकडीवर दगडखाणीच्या कामात हेच झालं. खाण थांबली नाही. पण खाणीनं तो तुकडा गिळण्याआधी तिथे गुरं हाकणारी, डहाळ्या अंथरणारी, गोटे ठोकणारी माणसं कोण होती, हे कुणीतरी गुडघे टेकून पाहिलं होतं.